नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस

बेळगावकरांना मराठा लाइट इन्फंट्रीची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९२२ पासून या रेजिमेंटचे केंद्र आपल्याच गावात आहे. याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे देत आहोत.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगावचा. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते.

१९४४ साल इटलीतल्या हिंदी सैनिकांची कसोटी पाहणारे ठरले. चार महिने झुंजून मे महिन्यात कॅसिनो घेतले, ४ जूनला रोम हाती आले. पण लढाई संपली नाही. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटताना प्रत्येक टेकडी अडवून बसले. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहाव्या हिंदी डिव्हिजनला एकेक डोंगर लढून घ्यावा लागला. मराठ्यांची ही बटालियन त्याच डिव्हिजनमध्ये होती.

त्या दिवशी यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. एकटे उरलेले यशवंतराव थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती गन आणि तिचा गोलंदाज निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना त्यांनी लोळवले. मोर्चा पडला, पण लपलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्या लागून तेही तिथेच कोसळले. वय अवघे २२.

व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. पती परत आला नाही आणि त्याची समाधीही कुठे नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, थडगे न लाभलेल्या सुमारे ४,००० सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरले आहे.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत मोन्तोने येथे २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. परक्या गावाने ऐंशी वर्षांनीही ही आठवण जपली. रेजिमेंटच्या गावात राहणाऱ्या आपण ती मुलांना सांगायलाच हवी.