बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी नातीला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. तिला पेंग्विन पाहायचे होते आणि मला तिला बागेच्या दाराशी असलेल्या संग्रहालयात न्यायचे होते. आधी पेंग्विन, मग संग्रहालय, असा तह झाला. करोना आणि त्यानंतरची दुरुस्ती यांमुळे काही वर्षे बंद असलेली ती दारे पुन्हा उघडली आहेत. आत व्याख्याने होतात, आजच्या चित्रकारांची प्रदर्शने भरतात, कलेच्या इतिहासाचे अभ्यासक्रम चालतात. त्या दिवशी मुलांसाठी मातीकामाचा वर्ग होता. नात माती मळायला बसली आणि मी तास-दीड तासासाठी मोकळा झालो.

वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटांतून मातीची माणसे उभी आहेत. जुन्या मुंबईतल्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, त्यांची कामे. विसाव्या शतकाच्या आरंभी संग्रहालयाच्याच कार्यशाळेत यातल्या पुष्कळ मूर्ती घडल्या. त्यांच्यासमोर उभा असताना मनात आले की ज्याचे नाव या इमारतीवर आहे, त्या डॉक्टर भाऊ दाजी लाडांचे आईवडील मातीच्या बाहुल्या विकत असत! योगायोगच, पण तो माझ्या डोक्यातून काही जाईना.

भाऊ दाजी पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. तो मुलूख तेव्हा सावंतवाडीकरांच्या नावाशी जोडलेला होता, आज तो गोव्यात आहे. जन्म १८२० नंतरच्या दोन-चार वर्षांतला. घरात दारिद्र्य. चरित्रकार सांगतात की या पोराला बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले एका इंग्रजाने पाहिले आणि याला इंग्रजी शिकवा म्हणून बापाच्या मागे लागला. माणसाचे नशीब असे कधी कधी एका प्याद्यावर फिरते. मुलगा मुंबईस आला, एल्फिन्स्टन संस्थेत शिकला. बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या मिळवून त्याने आपल्या शिक्षणाचा भार बापावरून उतरवला. बालहत्येच्या चालीवर त्याने लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. तिथेच तो शिक्षकही झाला. ती नोकरी बरी होती, पण १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा ती सोडून तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि तिथल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत बाहेर पडला. चालू नोकरी सोडून बाकावर जाऊन बसणे म्हणजे काय, हे आम्हा पगारी माणसांनाच ठाऊक.

वैद्यकीने त्यांना अमाप पैसा दिला. त्याबरोबर त्यांनी जे जे केले त्याची नुसती यादी वाचूनही दम लागतो. मुलींच्या शाळा, १८५२ ची बॉम्बे असोसिएशन, विद्यापीठाचे पहिल्या फळीतले फेलो, विष्णुदास भाव्यांची नाटक मंडळी १८५३ मध्ये मुंबईत आली तेव्हा तिला पाठबळ, फोटोग्राफीचा नाद. भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर आणि कॅमेऱ्याचे तितकेच वेडे. दोनदा मुंबईचे शेरीफपद, १८६९ आणि १८७१.

संग्रहालयाची हकीकत याच धामधुमीतली. फोर्टातल्या टाउन बराकीत एक जुने संग्रहालय होते. १८५७ च्या बंडात लष्कराला ती जागा हवी झाली आणि आतल्या वस्तूंची अक्षरशः फेकाफेक झाली. मग डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करण्याचे मनावर घेतले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते पायाचा दगड बसला. नाव अर्थातच राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचे. डेव्हिड ससून यांनी दिलेला अल्बर्टचा पांढरा पुतळा आजही आत मधोमध उभा आहे.

पायाचा दगड बसला ते वर्ष कोणते, ते पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की ठेवायला जागा नव्हती. मग कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बेच्या ५,००० रुपयांच्या शेअरने ५०,००० चा भाव पाहिला. बँका शेअरवर कर्ज देत आणि त्या कर्जातून माणसे आणखी शेअर घेत. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे सेनापती ली शरण गेला आणि इकडे कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांची पूर्तता करायची होती. ती करणारे फारच थोडे निघाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना शंकरशेट वारले. जुनी बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून उठली नाही. १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली.

भाऊ दाजीही या वावटळीत सापडले. रात्रंदिवस रोगी तपासून जोडलेला पैसा शेअरांत गेला.

इथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९९२ साली मी एका बँकेच्या उपनगरातल्या शाखेत अधिकारी होतो. आमचे एक खातेदार डॉक्टर होते. सज्जन मनुष्य, गरिबाकडून फी न घेणारे. त्या वर्षी मार्चमध्ये ते शेअरची सर्टिफिकिटे घेऊन आले आणि तारणावर ओव्हरड्राफ्ट मागितला. शिफारस मी लिहिली. त्या दिवशीचा पेपरातला भाव पाहून तारणाचे मूल्य मांडले, मार्जिन नियमाप्रमाणे सोडले. कागद चोख होता. महिन्याभरात बाजार आपटला आणि ते तारण निम्म्याचेही राहिले नाही. डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसत, चहा घेत आणि एक शब्द न बोलता जात. पुढे दहा वर्षे दवाखाना चालवून त्यांनी व्याजासकट पैसे फेडले. माझ्या नोकरीच्या नोंदीत ते कर्ज सुरळीत वसूल झाले, एवढेच आहे. त्यांना त्या दिवशी नाही म्हणायला हवे होते, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

तेव्हा भाऊ दाजींच्या या चुकीकडे मला वरून पाहता येत नाही. आणखी दोन गोष्टी मात्र मला आजही बोचतात. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात करसनदास मुळजींच्या बाजूने त्यांनी साक्ष दिली आणि डॉक्टर म्हणून जे पाहिले होते ते, त्यातले लाजिरवाणे दुखणेसुद्धा, भर कोर्टात सांगितले. धर्मगुरूच्या नावावर चाललेला अनाचार उघडा पाडायला ती साक्ष उपयोगी पडली, त्याला धैर्य लागले, हे खरेच. पण रोग्याचे गुपित ते गुपित. खातेदाराची शिल्लक सख्ख्या भावालाही न सांगण्याची सवय झालेल्या मला ते अडखळवते. उलट महारोगावर त्यांनी एक औषध शोधले होते, दुरून दुरून रोगी येत, आणि त्याची कृती मात्र त्यांनी झाकून ठेवली! ते कडू कवठीच्या बियांचे तेल होते, हे पुढे कळले. त्याच जातीच्या तेलावर जगभरच्या महारोग्यांनी १९४० नंतर नवी औषधे येईपर्यंत दिवस काढले. एकच माणूस एकीकडे बोलला आणि दुसरीकडे गप्प राहिला. मी असतो तर दोन्हीकडे उलटे केले असते, असे मला वाटते. पण मी काही भाऊ दाजी नव्हे.

या माणसाचे मोठेपण मला दिसते ते १८६५ मध्येच. ज्या वर्षी मुंबई बुडाली त्याच वर्षी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांचा काळ त्यात त्यांनी हस्तलिखितांच्या आधारे तपासला होता. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या देवळातला शिलालेख त्यांनीच उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्या मठाला उत्पन्न लावून देण्यात आले, असे तो लेख सांगतो. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, रुद्रदामनाचा जुनागढचा लेख वाचला. जुनागढचाच भगवानलाल इंद्रजी नावाचा तरुण त्यांनी हाताशी धरला. ठसे घेत तो हिंदुस्थानभर, पार नेपाळपर्यंत हिंडला आणि भाऊंच्या मृत्यूपर्यंत त्यांचे काम करत राहिला. पुढे तो स्वतःच मोठा पंडित झाला. पैसा गेल्यावर माणसे पहिल्यांदा असले खर्च छाटतात. भाऊंनी ते केले नाही.

पैशाअभावी रखडलेली संग्रहालयाची इमारत अखेर सरकारने हात दिल्यावर पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडली. भाऊ दाजी गेले ३१ मे १८७४ रोजी. त्यांचे नाव दारावर यायला आणखी एक शतक लागले, ते १९७५ मध्ये आले. पुढे इमारतीला अवकळा आली. २००३ पासून पालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला आणि युनेस्कोने २००५ मध्ये त्या कामाचा गौरव केला. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रज तो विलायतेला नेणार होते, पण उचलताना तो फुटला. तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. सांधे अजून दिसतात.

वर्ग सुटला तेव्हा नातीच्या हातात ओल्या मातीचा एक बुटका पेंग्विन होता. चोच आधीच थोडी वाकली होती. दोन दिवस सावलीत वाळवा, उन्हात ठेवलात तर तडकेल, असे शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावले. भायखळा स्टेशनपर्यंत तो मी दोन्ही हातांत धरून नेला आणि गाडीत बसायला जागा मिळेना तेव्हा एका अनोळखी गृहस्थाने तो दादरपर्यंत आपल्या मांडीवर सांभाळला.