जॉर्ज वेस्टिंगहाउस व आगगाडीचा ब्रेक

वेगाचें कौतुक सर्वांनाच असतें. वाफेचें इंजिन कोणीं सुधारलें, आगगाडी प्रथम कोठें धांवली, हें आपण शाळेंत लहानपणींच शिकतों. परंतु धांवती गाडी वेळेवर थांबविण्याची विद्या ज्यानें जगास दिली, त्याचें नांव फारच थोड्यांच्या ओठीं येतें. वास्तविक थांबण्याची खात्री नसेल, तर वेग म्हणजे केवळ संकट होय. म्हणून जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन यंत्रज्ञाचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील सेंट्रल ब्रिज या खेड्यांत झाला. वडिलांचा शेतकीचीं यंत्रें बनविण्याचा कारखाना होता. मुलाचें खरें शिक्षण तेथेंच झालें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत त्यानें अगदीं कोवळ्या वयांत प्रथम भूसेनेंत व नंतर आरमारांत नोकरी केली. परत आल्यावर तो युनियन कॉलेजांत दाखल झाला खरा, पण त्याचें मन व्याख्यानांपेक्षां यंत्रांत अधिक रमे. थोड्याच महिन्यांत कॉलेज सोडून तो पुनः कारखान्यांत आला. १८६५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्याला पहिलें पेटंट मिळालें.

पुढील वर्षाच्या सुमारास स्केनेक्टडी व ट्रॉय या गांवांच्या दरम्यान दोन मालगाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. दिवस उजेडाचा होता व रूळ सरळ आणि सपाट होता. दोन्ही गाड्यांच्या चालकांनीं एकमेकांस दुरून पाहिलें होतें. तरीही गाड्या थांबल्या नाहींत. ही गोष्ट तरुण जॉर्जच्या मनास लागून राहिली. दृष्टि होती, इच्छा होती, अंतरही होतें. उणीव होती ती केवळ साधनाची.

त्या काळीं गाडी थांबविण्याची रीत कशी होती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. इंजिनाची शिटी होतांच ब्रेकवाले एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जात व हातचाकें फिरवून ठोकळे चाकांवर आवळीत. मालगाडीवर तर हें काम वाघिणींच्या टपांवरून उड्या मारीत करावें लागे, मग पाऊस असो कीं बर्फ. कित्येक गरीब माणसें तोल जाऊन रुळांवर पडलीं व प्राणांस मुकलीं. एका माणसाच्या हातीं सगळी गाडी एकदम आवळण्याची सत्ता आली, तरच हा अनर्थ टळणार होता.

जॉर्जनें प्रथम साखळीचा विचार केला, मग वाफेचा. दोन्ही मार्ग निरुपयोगी ठरले. साखळी लांब गाडीला पुरेना आणि वाफ नळींत थंड होऊन तिचें पाणी होई. इतक्यांत आल्प्स पर्वतांतील माँ सेनी बोगद्याचें वर्णन त्याच्या वाचनांत आलें. तेथें दाबलेली हवा नळ्यांतून लांबवर नेऊन तिच्या जोरावर खडक फोडीत असत. जी हवा पर्वत पोखरते, ती गाडी कां थांबविणार नाहीं, असें त्याच्या मनानें घेतलें. इंजिनावर पंप, प्रत्येक डब्याखालीं एक नळकांडें व त्यांत दट्ट्या, आणि सर्वांना जोडणारी एक नळी, अशी त्याची योजना होती. पिट्सबर्ग येथें चाचणीच्या गाडीपुढें रुळावर एक घोडागाडी आडवी आली आणि आगगाडी तिच्यापासून अवघ्या कांहीं फुटांवर थांबली, अशी हकीकत त्याच्या चरित्रांत सांगितली जाते. १३ एप्रिल १८६९ रोजीं त्याला या ब्रेकचें पेटंट मिळालें व त्याच वर्षीं त्यानें कंपनी स्थापिली.

येथें सामान्य मनुष्य थांबला असता. परंतु वेस्टिंगहाउसला आपल्या शोधांतील व्यंग दिसत होतें. नळी फुटली किंवा गाडीचे दोन भाग झाले, तर हवा निघून जाई व ऐन संकटांत ब्रेक निकामी होई. तेव्हां १८७२ सालीं त्यानें सगळी व्यवस्था उलटी केली. प्रत्येक डब्याखालीं हवेची एक लहान टाकी व एक तिहेरी झडप त्यानें बसविली. नळींत दाब असेपर्यंत ब्रेक सैल राहतो. दाब उतरतांच झडप फिरते व टाकींतील हवा ठोकळे चाकांवर दाबते. यामुळें नळी तुटली तर गाडी बेफाम न होतां आपोआप थांबूं लागली. बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूसच झुकावा, हें तत्त्व यंत्रविद्येंत कायमचें रुजलें.

१८७८ सालीं इंग्लंडांत कॅप्टन डग्लस गॅल्टन यांच्याबरोबर झालेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. चाक पूर्ण जखडून घसरूं लागलें, म्हणजे गाडी लवकर न थांबतां उलट अधिक दूर जाते. केवळ जोर वाढविणें म्हणजे ब्रेक सुधारणें नव्हे, हा धडा आजच्या मोटारवाल्यांनींही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

तथापि जुने ब्रेक बदलण्यास कित्येक रेल्वे कंपन्या राजी नव्हत्या. हजारों वाघिणींना नवें साहित्य बसविणें खर्चाचें होतें. शिवाय १८८६ सालीं अमेरिकेंतील बर्लिंग्टन येथें पन्नास वाघिणींच्या गाडीवर परीक्षा झाली, तेव्हां पुढचे ब्रेक आधीं व मागचे उशिरां लागून भयंकर हिसके बसले. दुसऱ्या वर्षींही हेंच घडलें व हवेच्या ब्रेकचे दिवस भरले, असें पुष्कळांस वाटलें. वेस्टिंगहाउसनें वाद घातला नाहीं. कांहीं महिन्यांतच त्यानें अशी झडप तयार केली कीं, प्रत्येक वाघीण नळींतील थोडी हवा जागच्या जागीं सोडी व इशारा शेवटपर्यंत झपाट्यानें पोंचे. नवी झडप जुन्या झडपांबरोबर एकाच गाडींत चालावी, याची त्यानें दक्षता घेतली. त्यामुळें कंपन्यांना बदल टप्प्याटप्प्यानें करतां आला.

शेवटीं निर्णय कायद्यानें केला. १८८९ सालीं आयर्लंडांत आर्मा येथें चढावर सुटलेले डबे मागें घरंगळून सुमारें ८० उतारू मेले. त्या गाडीचा ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेंत १८९३ सालीं तसा कायदा झाला व १९०० पासून तो पूर्णपणें अमलांत आला. आपल्या देशांत दीर्घकाळ निर्वात ब्रेक चालू होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याची जागा हवेच्या ब्रेकनें घेतली. कर्जतहून लोणावळ्यास जाणाऱ्या भोर घाटांत ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. तो उतरतांना ब्रेकचें मोल कोणासही निराळें सांगावें लागत नाहीं.

पुढें वेस्टिंगहाउसनें विजेच्या क्षेत्रांत प्रवेश केला, टेस्लाचीं पेटंटें घेतलीं व १८९३ सालीं शिकागोचें जागतिक प्रदर्शन विजेच्या दिव्यांनीं उजळलें. १८७१ पासून तो आपल्या कामगारांस शनिवारीं अर्ध्या दिवसाची सुट्टी देई. १९०७ च्या आर्थिक अरिष्टांत त्याच्या विजेच्या कंपनीचा ताबा त्याच्या हातून गेला. १२ मार्च १९१४ रोजीं तो न्यूयॉर्क येथें मरण पावला.

त्याच्या चरित्रापासून आम्हांस असें वाटतें कीं, जें आज चालतें आहे तें पुरेसें आहे काय, हा प्रश्न अपघातानंतर नव्हे, अपघातापूर्वीं विचारावा. आपल्या यशस्वी कृतींतील दोष स्वतःच शोधण्याचें धैर्य वेस्टिंगहाउसपाशीं होतें, म्हणूनच असंख्य अनोळखी माणसें सुखरूप घरीं पोंचलीं. विद्यार्थिमित्रांनीं त्याची कल्पकता वाखाणावी, पण अनुकरण मात्र या धैर्याचें करावें.