आधी स्वतःला टोचून घेतलं : प्लेगची लस काढणारे हाफकिन

आंधळगाव (ता. मोहाडी) : पावसाळा तोंडावर आला की गावोगावी ढोरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायचं काम सुरू होतं. मारलेले जंतू आधीच अंगात सोडायचे, म्हणजे खरा रोग आला तर अंग तयार असतं, एवढीच त्यामागची युक्ती. हीच युक्ती प्लेगविरुद्ध माणसांवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरली गेली ती आपल्या मुंबईत. ती करणारा माणूस डॉक्टर नव्हता. त्याच्याकडे वैद्यकीची पदवी नव्हती आणि गोऱ्या डॉक्टरांनी हे त्याला कधी विसरू दिलं नाही. नाव वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन. परळची हाफकिन संस्था सगळ्यांना माहीत आहे, पण ते एका माणसाचं आडनाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं. कॉलेजात त्यांना प्राणिशास्त्र शिकवायला एली मेचनिकॉफ हे गुरुजी लाभले. ज्यूंवर हल्ले सुरू झाले तेव्हा हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि वरून त्यांनाच अटक झाली. मेचनिकॉफ मदतीला आले म्हणून ते सुटले. पुढे प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदला, अशी अट आली. त्यांनी ती मानली नाही आणि नोकरी गेली.

या मेचनिकॉफ यांची एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. 1882 साली इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी समुद्रातल्या तारामाशाच्या काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या वस्तूला त्या घेरत होत्या, गिळायला बघत होत्या. पुढे पाण्यातल्या डॅफ्निया या बारीक जिवात आणि बेडकात त्यांनी हेच तपासलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात. आंधळगावचे विणकर ज्या कोशाचं कापड विणतात, त्या कोशाच्या अळीच्या अंगातही जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. फरक एवढाच की अळीकडे रोगाची ओळख ठेवणारी प्रतिपिंडं नसतात. ती गाय, म्हैस, कोंबडी, माणूस यांच्याकडे असतात, म्हणून लस त्यांना लागू पडते.

पण जंतू एकच असला तरी प्रत्येक जनावर त्याला वेगळं उत्तर देतं. काळपुळीने गाय-बकरी पटकन मरते, कोंबडीला सहसा काही होत नाही. लुई पाश्चर यांनी 1878 च्या सुमारास कोंबडी गार पाण्यात धरून ठेवली आणि मग तिलाही काळपुळी झाली. कोंबडीचं अंगच इतकं गरम की एरवी तो जंतू तिथे वाढत नाही. धनुर्वाताचं तसंच. घोडा आणि माणूस त्याला लवकर बळी पडतात, कोंबडी जवळपास अजिबात नाही. तेव्हा एका जनावरात जे जमलं ते दुसऱ्यात जमेलच, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. हाफकिन यांच्या सगळ्या आयुष्याला हाच प्रश्न पुरला.

ओडेसा सोडून ते जिनिव्हाला गेले आणि 1889 मध्ये पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. मेचनिकॉफ आधीच तिथे होते. जागा मिळाली ती ग्रंथालयात. पुस्तकं सांभाळता सांभाळता हाफकिन यांनी पटकीवर म्हणजे कॉलऱ्यावर काम सुरू केलं. जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, असं 39 वेळा नेऊन त्यांनी जास्त कडक केला. दुसऱ्या बाजूला तोच जंतू नरम करून घेतला. आधी नरम टोचायचा, मग कडक. गिनीपिग वाचले, ससे वाचले, कबुतरंही वाचली. आता माणसाचं काय? 18 जुलै 1892 रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, उतरलं. मग काही रशियन मित्रांनी टोचून घेतली.

1893 मध्ये ते भारतात आले. उत्तर भारतात आणि बंगालमध्ये हजारो लोकांना पटकीची लस दिली. मलेरियाने अंग खिळखिळं झालं, इंग्लंडला जाऊन परत आले.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झालं.

त्यांची लस करायची रीत आपल्याकडच्या कोणालाही चटकन समजेल अशी आहे. जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं तर लोक लस घेणार नाहीत, म्हणून त्यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. त्या सुपावर साजूक तुपाचे थेंब सोडले. प्लेगचा जंतू तुपाला धरून वाढतो आणि खाली झुंबरासारखा लोंबतो. बाटली हलवली की ते लोंब खाली पडतात आणि वर नवे येतात. असं पाच-सहा आठवडे चालवून मग बाटली 65 अंशांवर तासभर तापवायची, म्हणजे जंतू मेला. मेलेला जंतू रोग करत नाही, पण पेशी त्याला गिळतात आणि अंगाला त्याची ओळख पटते.

जनावरांवर तपासून झाल्यावर 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी नेहमीपेक्षा जास्त मात्रा स्वतःला टोचून घेतली. पुन्हा ताप, पुन्हा दुखणं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे राजी झालेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि टोचलेल्यांत लागण फार कमी दिसली. बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. लस तेव्हा नुकती कुठे बाहेर पडत होती.

लोक सरकारच्या प्लेगच्या जाचाला वैतागले होते. घरझडत्या, सामान जाळणं, माणसं उचलून नेणं चालू होतं. अशा दिवसांत गोऱ्याच्या हातची सुई कोण टोचून घेणार? तेव्हा आगाखान यांनी चारचौघांत स्वतः लस घेतली, हाफकिन यांना आपला बंगला वापरायला दिला आणि त्यांचा खोजा समाज पुढे आला. ही लस काही पक्की ढाल नव्हती. टोचलेल्यांनाही कधी प्लेग व्हायचा, पण धोका निम्म्याच्या आसपास यायचा. ज्या रोगाने पुढच्या काही दशकांत देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली, त्यात हे निम्मं म्हणजे किती, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली आणि लाखो मात्रा बाहेर जाऊ लागल्या.

मग मुलकोवाल घडलं. 30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या या गावात, आज ते पाकिस्तानात आहे, 107 जणांना लस दिली. त्यातले 19 जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक घालणं बंद करून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशीत तेच धरलं गेलं आणि त्यांना कामावरून दूर केलं.

खरी गोष्ट वेगळी होती. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर न धरता नुसता औषधात बुचकळून परत वापरला. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, हे शेतात पाय कापलेल्या माणसाला सांगायला नको. आणखी एक पुरावा रोग्यांच्या अंगातच होता. जंतू परळहूनच बाटलीत गेला असता तर इतक्या दिवसांत बाटलीत विष साठलं असतं, घाण वास आला असता आणि माणसं लवकर आजारी पडली असती. लक्षणं दिसली ती साधारण आठवड्याने, म्हणजे जंतू तेव्हाच ताजा शिरला होता. ही साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षं लागली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये उघड पत्र लिहिलं, तेव्हा कुठे सरकार हललं आणि हाफकिन निर्दोष ठरले.

ते भारतात परतले, पण परळला नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना बसवलं आणि लसीचे नवे प्रयोग माणसांवर करू दिले नाहीत. 42 व्या वर्षी कामाच्या भरात असलेला माणूस बाजूला काढला गेला तो कायमचाच. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलंच नव्हतं. उरलेली वर्षं ज्यू समाजाच्या कामात घालवली. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले. 1964 मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

प्लेग आता औषधाने बरा होतो. पण धानाच्या बांधावर साप चावला की दवाखान्यात जी लस देतात, ती करणाऱ्यांत हाफकिनचं नाव आजही आहे. ती लस घोड्यापासून मिळते. विषाची थोडी थोडी मात्रा घोड्याला देत जायची, त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो आणि तोच उतारा बाटलीत भरून माणसाला दिला जातो.