देवी अहिल्याबाई : प्रारब्ध आणि संकल्प

मनुष्याच्या जीवनात दैव किती आणि त्याचा स्वतःचा संकल्प किती, हा प्रश्न शास्त्रचर्चेत जितका जुना तितकाच प्रपंचातही नित्याचा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली असून दैव त्यांत पाचवे येते, आधीची चार सांगून झाल्यावर. पाठशाळेत हा क्रम विद्यार्थ्यांकडून मुखोद्गत करून घेतला जातो. त्याचा आशय मात्र एखाद्या थोर चरित्राच्या आश्रयानेच मनात उतरतो. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे चरित्र असे आहे.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. ज्या जिल्ह्यात हे गाव आहे, त्यास २०२४ पासून त्यांचेच नाव आहे. मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून घेतले. जन्म, कुल, विवाह यांत त्यांच्या निवडीचा भाग काहीच नव्हता. तेथपर्यंत सर्व दैवाधीनच म्हणावयाचे.

मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सहगमनास सिद्ध झाल्या. वृद्ध मल्हाररावांनी पदर पसरावा तशी विनवणी केली की, पुत्र गेला, आता तूच माझा पुत्र. अहिल्याबाई मागे फिरल्या. हे केवळ श्वशुरांच्या आज्ञेचे पालन होते, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. त्या काळी चितेवर जाणारीस लोक देवी मानीत. मागे राहणारीच्या वाट्यास काय येई, ते सर्वांस ठाऊक होते. लोकापवाद पत्करून कर्तव्यासाठी जगणे, ही त्यांची पहिली स्वतंत्र निवड होय.

मल्हाररावांनीही शब्द पाळला. सुनेस लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत तोफखाना आणि दारूगोळा यांच्या व्यवस्थेची आज्ञा असे. घरच्या लेकीस लिहावे तसे नव्हे, तर विश्वासू सरदारास लिहावे तसे ते लिहीत.

१७६६ मध्ये मल्हारराव आलमपूर येथे निवर्तले. पुढील वर्षी पुत्र मालेराव गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घालून राघोबादादांस पाचारण केले. बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करीत स्वस्थ बसावे, अशी योजना होती. मोह लहान नव्हता, कारण देवधर्म हाच तर त्यांचा जीव की प्राण! तरीही त्यांनी नकार दिला, लढण्याची सिद्धता केली आणि माधवराव पेशव्यांची संमती मिळविली. राघोबादादांस माघार घ्यावी लागली. लष्कर त्यांनी तुकोजी होळकरांच्या स्वाधीन केले, कारभार स्वतःकडे ठेवला आणि नर्मदातीरी महेश्वर येथे राहणे पसंत केले. या दुहेरी व्यवस्थेत पुढे खटके उडाले, हेही खरे.

खासगीच्या द्रव्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, असे सांगतात. १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले, १७८३ मध्ये सोमनाथाचे. गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची गणना भाविकांस परिचित आहे. ती येथे विस्तारत नाही.

परंतु ज्या घटनेपाशी मन थबकते ती १७९१ मधील आहे. कन्या मुक्ताबाई यांचा एकुलता एक पुत्र आधीच गेला होता; आता पती यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाईंनी सहगमनाचा निश्चय केला. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जी विनवणी केली होती, तीच आता अहिल्याबाईंनी लेकीपाशी केली. माल्कमसाहेबांनी आपल्या माळव्याच्या इतिहासात हा प्रसंग नमूद केला आहे. आई भूमीवर लोळण घेऊन विनवीत होती आणि मुलगी शांतपणे सांगत होती की, तुमचे वय झाले; तुमच्यामागे मला कोण उरणार? मुक्ताबाईंना थांबविण्यास राज्याची सत्ता असमर्थ नव्हती. पहारा बसविता आला असता. अहिल्याबाईंनी तसे केले नाही. ते योग्य की अयोग्य, याचा निर्णय आम्ही करू शकत नाही. लेक जगावी असेच आज कोणाही वाचकास वाटेल, आणि आईलाही तेच वाटत होते.

त्या चितेपर्यंत पायी चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांस धरून ठेवले होते. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्या, तीन दिवस अन्न जवळपास वर्ज्य केले, कोणाशी अक्षर बोलल्या नाहीत. चौथ्या दिवसापासून पुढचे आयुष्य पुन्हा त्यांच्या हाती होते. लेकीच्या व जावयाच्या स्मरणार्थ त्यांनी छत्री बांधविली. राज्याचा कारभार आणि देवस्थानांची व्यवस्था १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे महेश्वरी देह ठेवीपर्यंत, त्यांच्याच हाती राहिली.