विश्लेषण : अगाथा ख्रिस्ती पडद्यावरील रहस्यनाट्यांवर नाराज का असत?

रहस्यकथांची सम्राज्ञी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांच्या निधनाला जानेवारी २०२६ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या कथांवर आधारित चित्रपट आणि मालिका आजही येत आहेत. मात्र प्रेक्षक म्हणून स्वतः ख्रिस्ती या रूपांतरांवर फारशा खूश नसत. त्यांना नेमके काय खटकत होते आणि काय आवडले होते, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की उलगडते.

अगाथा ख्रिस्ती रहस्यकथेकडे कशा वळल्या?

अगाथा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील अमेरिकन होते. अगाथा ११ वर्षांच्या असताना त्यांचे निधन झाले आणि सुखवस्तू घराला आर्थिक ओढाताण जाणवू लागली. १९१४ मध्ये त्यांनी लष्करी वैमानिक आर्ची ख्रिस्ती यांच्याशी विवाह केला. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि नंतर औषध विभागात काम करत होत्या. कोणते औषध किती मात्रेत घेतले की विष ठरते, हे ज्ञान त्यांना तिथेच मिळाले. युद्धामुळे बेल्जियममधून आलेले निर्वासित टॉर्की परिसरात राहत होते. त्यांच्याकडे पाहून त्यांना बेल्जियन गुप्तहेर सुचला. अंड्याच्या आकाराचे डोके, टोकदार मिशा आणि टापटिपीचे वेड असलेला हर्क्यूल पॉयरो तो हाच. त्याची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरिअस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. ती अखेर १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या पाच दशकांत ख्रिस्ती यांनी ६६ रहस्य कादंबऱ्या लिहिल्या.

१९२६ मध्ये नेमके काय घडले होते?

‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही गाजलेली कादंबरी १९२६ मधील. त्याच वर्षी ख्रिस्ती यांच्या आईचे निधन झाले आणि पतीने दुसऱ्या स्त्रीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री ख्रिस्ती मोटारीतून घराबाहेर पडल्या आणि बेपत्ता झाल्या. मोटार सरे परगण्यात बेवारस सापडली. शेकडो पोलीस आणि स्वयंसेवक शोधाला लागले. वृत्तपत्रांनी रोज नवे तर्क लढवले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर ख्रिस्ती यांचा हातमोजा एका प्रेतात्मवाद्याकडे दिला. ११ दिवसांनी त्या यॉर्कशरमधील हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. हॉटेलात त्यांनी लावलेले आडनाव पतीच्या प्रेयसीचे होते.

स्मृतिभ्रंश झाल्याचे कुटुंबाकडून सांगण्यात आले. ख्रिस्ती यांनी मात्र या विषयावर जवळपास कायमचे मौन पाळले. त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही या ११ दिवसांचा उल्लेख नाही. एका दुखावलेल्या स्त्रीचे खासगी दुःख रातोरात जनतेच्या करमणुकीचा विषय झाले होते. त्यानंतर त्या प्रसिद्धीपासून आयुष्यभर दूर राहिल्या. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. १९३० मध्ये त्यांनी पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह केला.

त्यांच्या कथा पडद्यावर पहिल्यांदा कधी आल्या?

१९२८ मध्ये त्यांच्या एका लघुकथेवर ब्रिटनमध्ये मूकपट निघाला. त्याच वर्षी ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’वर बेतलेले ‘अ‍ॅलिबाय’ हे नाटक रंगमंचावर आले. त्याचे रूपांतर दुसऱ्या लेखकाने केले होते. पॉयरोला तरुण करण्याचा विचार झाला, तेव्हा ख्रिस्ती यांनी विरोध केला. मात्र कादंबरीतील डॉक्टरची चौकस, प्रौढ, अविवाहित बहीण गाळून तिच्या जागी तरुण मुलगी आणली गेली, ती राहिलीच. हे पात्र ख्रिस्ती यांचे लाडके होते. पुढे मिस मार्पल घडली ती या पात्राच्या आठवणीतूनच असावी, असे त्यांना वाटे. आपल्या कथांची नाटके आपणच लिहायची, हा निश्चय त्यांनी या अनुभवातून केला. १९३० मधील ‘ब्लॅक कॉफी’ हे त्याचे पहिले फळ.

१९३१ मध्ये ‘अ‍ॅलिबाय’वर बोलपट निघाला. त्यात ऑस्टिन ट्रेव्हर यांनी साकारलेल्या पॉयरोला मिशाच नव्हत्या! १९३७ मध्ये बीबीसीच्या बाल्यावस्थेतील दूरचित्रवाणीसाठी ख्रिस्ती यांनी ‘वास्प्स नेस्ट’ ही कथा स्वतः रूपांतरित केली. तो प्रयोग थेट प्रक्षेपित झाला. पण दूरचित्रवाणी या माध्यमाविषयी त्यांना कधीच आस्था वाटली नाही. त्यामुळे त्यांच्या हयातीत पॉयरो किंवा मिस मार्पलची मोठी मालिका ब्रिटिश छोट्या पडद्यावर आली नाही.

पुस्तकातले रहस्य पडद्यावर आणणे अवघड का असते?

ख्रिस्ती यांचा धागा बहुतेक वेळा एखाद्या साध्या वाक्यात लपलेला असतो. वाचक ते वाक्य वाचून पुढे जातो आणि शेवटी कपाळावर हात मारून घेतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. एखादी वस्तू जवळून दाखवली की प्रेक्षक सावध होतो आणि दाखवलीच नाही तर शेवटी फसवले गेल्याची भावना होते. ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’सारखी कादंबरी तर पूर्णपणे कथा सांगणाऱ्याच्या शब्दनिवडीवर उभी आहे. ते शब्द काढून घेतले की गंमत संपते.

दुसरी अडचण नटांची. किरकोळ वाटणाऱ्या भूमिकेत नामवंत नट दिसला की खुनी तोच असणार, असा अंदाज प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत बांधतो. तिसरी अडचण वेळेची. संशयितांच्या एकामागून एक चौकशा वाचायला रंजक असतात, पडद्यावर मात्र त्या कंटाळवाण्या होऊ शकतात. म्हणून दिग्दर्शक पाठलाग, विनोद किंवा प्रेमप्रकरण घुसवतात. ख्रिस्ती यांचा आक्षेप सुरू होत असे तो नेमका इथे.

मग त्यांना बदल मान्यच नव्हते का?

तसे अजिबात नाही. आपल्या कथांमध्ये सर्वात धाडसी बदल खुद्द ख्रिस्ती यांनीच केले. ‘अँड देन देअर वेअर नन’ या कादंबरीत बेटावर अडकलेल्या दहा जणांपैकी शेवटी कुणीच उरत नाही. रंगमंचावर हे दाखवणार कसे आणि सांगणार कोण? म्हणून १९४३ मधील नाटकासाठी त्यांनी शेवटच बदलला. १९४५ मधील रेने क्लेअर यांच्या चित्रपटाने तोच नवा शेवट उचलला. ‘द हॉलो’सारख्या कादंबऱ्यांचे नाटक करताना त्यांनी चक्क पॉयरोला काढून टाकले. हा गृहस्थ मंचावर आला की सगळ्यांचे लक्ष आपल्याकडे खेचून घेतो, हे त्यांनी ओळखले होते.

‘विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन’ या लघुकथेचे १९५३ मध्ये नाटक करतानाही त्यांनी शेवट बदलला आणि इतरांचा विरोध असतानाही तो कायम ठेवला. १९५७ मध्ये बिली वाइल्डर यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात वकिलाचे आजारपण आणि त्याच्यावर डाफरणारी परिचारिका ही भर वाइल्डर यांची. वकील झाले होते चार्ल्स लाफ्टन, म्हणजे १९२८ मधील रंगमंचावरचे पॉयरो. या चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने मिळाली आणि ख्रिस्ती यांनाही तो पसंत पडला. कारण भर पडली तरी कथेचा कणा शाबूत होता आणि शेवटच्या धक्क्याला हात लावलेला नव्हता.

‘द माउसट्रॅप’चे गणित तर वेगळेच. १९४७ मधील रेडिओ नाटिकेतून आलेले हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झाले. लंडनमधील प्रयोग थांबल्याशिवाय चित्रपट काढायचा नाही, अशी अट करारात होती. करोनाकाळातील खंड वगळता प्रयोग थांबलेच नाहीत, त्यामुळे त्या करारातून चित्रपटही आला नाही. शेवट बाहेर सांगू नका, ही विनंती आजही प्रेक्षकांना केली जाते.

मिस मार्पलच्या चित्रपटांवर नाराजी का होती?

१९६० मध्ये ख्रिस्ती यांनी एमजीएम या कंपनीशी करार केला. त्यातून मार्गारेट रुदरफोर्ड यांचे चार चित्रपट आले. ते चालले, पण ख्रिस्ती यांची घोर निराशा झाली. त्यांची मिस मार्पल किरकोळ बांध्याची, लोकर विणत बसणारी म्हातारी. गावातल्या माणसांच्या स्वभावांवरून ती खुन्याचा माग काढते. पडद्यावरची मार्पल मात्र धिप्पाड, धडाकेबाज आणि विनोदी होती. ‘मर्डर, शी सेड’ (१९६१) मध्ये ती स्वतःच मोलकरीण म्हणून संशयितांच्या घरात शिरते. पुढचे दोन चित्रपट पॉयरोच्या कादंबऱ्यांवरून घेऊन त्यांत मार्पलला बसवण्यात आले. चौथा, ‘मर्डर अहॉय’ (१९६४), तर ख्रिस्ती यांच्या कुठल्याच कथेवर नव्हता आणि त्यात मार्पल चक्क तलवारबाजी करते.

आपले पात्र घेऊन दुसऱ्याने परस्पर गोष्ट रचावी, याचा ख्रिस्ती यांना विशेष संताप आला. मात्र हा राग त्यांनी अभिनेत्रीवर काढला नाही. रुदरफोर्ड यांच्या अभिनयाच्या त्या चाहत्या होत्या आणि १९६२ मधील ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ ही कादंबरी त्यांनी रुदरफोर्ड यांनाच अर्पण केली.

‘ओरिएंट एक्स्प्रेस’ला होकार कसा मिळाला?

या अनुभवानंतर ख्रिस्ती सावध झाल्या होत्या. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’साठी निर्माते जॉन ब्रेबर्न प्रयत्नशील होते. त्यांचे सासरे म्हणजे भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन. माउंटबॅटन जुने चाहते होते आणि ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’च्या कल्पनेशी मिळतीजुळती कल्पना त्यांनी १९२४ मध्ये ख्रिस्ती यांना पत्राने कळवली होती. त्यांची रदबदली कामी आली आणि होकार मिळाला.

दिग्दर्शक सिडनी लुमेट यांनी नटांची अडचण नामी युक्तीने सोडवली. शॉन कॉनरी, इन्ग्रिड बर्गमन, लॉरेन बकॉल, व्हनेसा रेडग्रेव्ह, जॉन गिलगुड असे सगळेच नामवंत घेतले, मग संशय घ्यायचा कुणावर? बर्गमन यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. नोव्हेंबर १९७४ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत झालेल्या खेळाला ८४ वर्षांच्या ख्रिस्ती आल्या होत्या. चित्रपट त्यांना आवडला. तक्रार एकच होती : अल्बर्ट फिनी यांनी साकारलेल्या पॉयरोच्या मिशा हव्या तितक्या भरघोस नव्हत्या. १२ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतीय पडद्याशी त्यांचे नाते काय?

हिंदी प्रेक्षकांनी ख्रिस्ती यांच्या कथा अनेकदा नकळत पाहिल्या आहेत. राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’ (१९६५) ‘अँड देन देअर वेअर नन’वर बेतलेला होता. गाणी, नृत्ये आणि मेहमूद यांचा विनोद असूनही एकेक जण कमी होत जाण्याची धास्ती त्यात टिकून राहते. बी. आर. चोप्रा यांच्या ‘धुंद’ची (१९७३) कथा ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावरची. धुक्यात मोटार बंद पडलेला अनोळखी माणूस एका घरात शिरतो आणि समोर मृतदेह दिसतो, ही सुरुवात मूळ नाटकातलीच.

निधनानंतर रूपांतरे कशी बदलली?

आक्षेप घेणाऱ्या ख्रिस्ती आता नव्हत्या. १९७९ मध्ये त्यांच्या बेपत्ता होण्यावरच ‘अगाथा’ हा चित्रपट निघाला. वारसांनी तो रोखण्याचा केलेला प्रयत्न निष्फळ ठरला. ज्या ११ दिवसांबद्दल त्या बोलल्या नाहीत, त्यांची गोष्ट इतरांनी रचली.

छोट्या पडद्यावर मात्र त्यांच्या कथांना न्याय मिळाला. १९४० च्या दशकात एका नाटकात जोन हिक्सन यांचे काम पाहून, तुम्ही कधीतरी मिस मार्पल साकारावी, अशा आशयाची चिठ्ठी ख्रिस्ती यांनी धाडली होती. हिक्सन यांनी १९८४ ते १९९२ या काळात बीबीसीसाठी मार्पलच्या बाराही कादंबऱ्या केल्या. १९८९ ते २०१३ दरम्यान डेव्हिड सुशे यांनी ७० भागांत पॉयरो उभा केला. प्रेक्षकांनी पॉयरोबरोबर हसावे, पॉयरोला हसू नये, अशी ताकीद ख्रिस्ती यांची कन्या रोझलिंड यांनी सुशे यांना सुरुवातीलाच दिली होती. २०१५ मध्ये बीबीसीच्या मालिकेने ‘अँड देन देअर वेअर नन’चा मूळ कठोर शेवटही पडद्यावर आणला.

कथेत पात्रे वाढली, प्रसंग गळले, शेवट बदलला तरी ख्रिस्ती यांची तक्रार नसे. पण पात्राचा स्वभाव मोडू नये आणि कोडे प्रामाणिक राहावे, एवढी त्यांची अपेक्षा होती. नवे रहस्यनाट्य पाहताना ही कसोटी आजच्या प्रेक्षकालाही वापरता येईल.