आचार्य जगदीशचंद्र बसू

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगाल्यात झाला. वडील सरकारी अधिकारी. तथापि त्यांनी मुलास प्रथम इंग्रजी शाळेत न घालता साध्या बंगाली पाठशाळेत घातले. तेथे कोळ्याचा मुलगा त्यांचा सोबती होता. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स या मिशनरी विद्यालयात फादर लाफों यांचे प्रयोग पाहून त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लागली. केंब्रिजचे शिक्षण संपवून १८८५ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. हिंदी प्राध्यापकास युरोपियनाहून कमी वेतन देण्याचा त्या काळी रिवाज होता. जगदीशचंद्रांनी तीन वर्षे पगारास हात न लावता अध्यापन चालविले. अखेर सरकारने मागील सर्व रक्कम पूर्ण दराने चुकती केली.

त्याच कॉलेजातील एका चिंचोळ्या खोलीत त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटरपर्यंतच्या विद्युल्लहरी उत्पन्न केल्या. इतक्या आखूड लहरींचे प्रकाशासारखे गुणधर्म मेजावरच पडताळता येत. साधनेही साधीच: तागाचे पीळ, आणि पानापानांत कथलाचा वर्ख घातलेले आगगाडीचे वेळापत्रक! (रेल्वेमुळे वसलेल्या आमच्या गावास याचे कौतुक वाटावे.) १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली.

परंतु १९०१ साली मार्कोनींचा संदेश अटलांटिकपार गेला तो शेकडो मीटर लांबीच्या लहरींवरून. आखूड लहर सरळ रेषेत जाते, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत नाही, हे एक कारण. दुसरी अडचण आषाढात आपल्या माथ्यावरच दाटलेली असते. मेघ म्हणजे अतिसूक्ष्म जलबिंदूंचा समुदाय. लहर त्यात शिरली की पाण्याचे रेणू तिच्या तालावर डोलू पाहतात, मागे पडतात, आणि तिची शक्ती उष्णतेत विरते. मीटरभर लांबीच्या लहरीस याची फारशी झळ लागत नाही. मिलिमीटर-लहर मात्र जितकी आखूड तितकी अधिक क्षीण होते. हिमकणांचे मेघ तिला सहसा वाट देतात. पाऊस मेघांहूनही मारक ठरतो. फार काय, ५ मिलिमीटरची लहर निरभ्र हवेतील प्राणवायूही शोषून घेतो. खोलीच्या अंतरात हे कोणास जाणवणार?

नाशिक रोडहून पुण्यास जाताना नारायणगाव लागते. तेथून आत खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ती लांब लहरी टिपते, म्हणून पावसाळी मेघांची तिला फिकीर नाही. मिलिमीटर-लहरींच्या दुर्बिणींस मात्र चिलीतील आटाकामासारखे उंच, कोरडे पठार शोधावे लागले.

जगदीशचंद्र पुढे वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात आपले संशोधनमंदिर उघडले आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी योजिलेले धातूचे चौकोनी नरसाळे आजच्या मिलिमीटर-लहरींच्या यंत्रांतही आढळते.