चायना ग्रास, मीठ आणि थॉमस ग्रॅहम

ग्लासगोतील एका कापड कारखानदाराने मुलाचे भवितव्य ठरवून टाकले होते. थोरल्याने धर्मोपदेशक व्हायचे. मुलाला मात्र रसायनशास्त्राचा नाद लागला होता. वाद विकोपाला गेला आणि वडिलांनी पैसे बंद केले. आई आणि बहीण पाठीशी होत्या. शिकवण्या करून, लेख लिहून मुलाने दिवस काढले. हे थॉमस ग्रॅहम (१८०५-१८६९). वायूंच्या विसरणाच्या नियमामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव आजही पाठ असते.

१८३०मध्ये ते ग्लासगोच्याच अँडरसन संस्थेत प्राध्यापक झाले. पुढे आफ्रिकेतील प्रवासांमुळे गाजलेला डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथे त्यांच्या व्याख्यानांना येत असे. १८३७मध्ये ते लंडनला गेले आणि १८५५मध्ये एके काळी न्यूटनने भूषवलेले टांकसाळ प्रमुखाचे पद त्यांच्याकडे आले. नाण्यांचा कारभार सांभाळताना त्यांच्या डोक्यात घोळत होते ते मात्र सरस, डिंक आणि जेली!

मीठ, साखर पाण्यात झरझर पसरतात. सरस, डिंक मात्र जागचे हलत नाहीत असे त्यांना दिसले. सरसाच्या ग्रीक नावावरून या सुस्त पदार्थांना त्यांनी १८६१मध्ये ‘कोलॉइड’ म्हटले. मराठी पाठ्यपुस्तकांत ते ‘कलिल’ आहेत. कड्यावर ताणून बसवलेल्या चर्मपत्री कागदातून क्षार निसटतात आणि कलिल मागे राहतात, या पद्धतीला त्यांनी दिलेले ‘डायलिसिस’ हे नाव तर आता घराघरांत ठाऊक आहे.

याच काळातला एक प्रयोग फारसा सांगितला जात नाही. समुद्री शेवाळापासून काढलेल्या, म्हणजे आपल्या चायना ग्राससारख्या पदार्थाच्या पातळ जेलीत त्यांनी मीठ कसे सरकते ते पाहिले. मीठ जवळजवळ साध्या पाण्यातल्याइतक्याच सहजतेने पुढे गेले. जळक्या साखरेचा तपकिरी रंग मात्र कित्येक दिवस जवळपास जागेवरच राहिला. जेली हाताला घट्ट लागते, पण लहान रेणूंना तिच्यातून वाट मोकळी असते. १८६४मध्ये सिलिकेच्या पाणीदार जेलीला त्यांनी ‘हायड्रोजेल’ हे नाव दिले.

ग्रॅहम वारले त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. आता त्याच गुणासाठी जिलेटिन, कोलॅजेन, शेवाळातील अल्जिनेट यांच्या जेलीत जिवंत पेशी मिसळून, सुईतून थरावर थर सोडत ऊतींचे सांगाडे ‘छापले’ जातात. जेलीतून ऑक्सिजन आणि साखर आत जाते, टाकाऊ द्रव्ये बाहेर पडतात. अडचण ताकदीची आहे. गुडघ्यातील कूर्चेला अख्ख्या शरीराचा भार पेलायचा असतो आणि साधे जिलेटिन तर शरीराच्या उबेलाच वितळते. प्रकाशाने किंवा रसायनांनी जाळे घट्ट विणले तर जेली टणक होते खरी, पण मग पेशींना हातपाय पसरायला जागा उरत नाही आणि मोठ्या रेणूंची वाटही अडते. बळ वाढवताना जेलीचा मूळ गुणच जाणार असेल, तर मिळवले काय?

२०१५मध्ये नेदरलँड्समधील उत्रेख्त आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी वेगळा मार्ग दाखवला. शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचे केसाहून बारीक धागे छापून त्यांची जाळी केली आणि तिच्यात जिलेटिनपासून बनवलेली जेली भरली. जाळीचा बहुतेक भाग पोकळच होता, तरीही जेलीचा ताठपणा ५४ पटींपर्यंत वाढला. याचे कारण सोपे आहे. वरून दाब आला की जेली बाजूंना फुगू पाहते, धागे ताणले जातात आणि तिला धरून ठेवतात. जेली मात्र मऊ आणि वाट मोकळी राहते.

जाड तुकड्यांचा प्रश्न तरीही उरतोच. नुसत्या विसरणावर पोसल्या जाणाऱ्या बहुतेक पेशी पुरवठ्यापासून मिलिमीटरच्या अंशाहून दूर तग धरत नाहीत. त्यांना रक्तवाहिन्या लागतात. कूर्चेत मुळातच रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्या पेशी कमी ऑक्सिजनवर भागवतात. म्हणून संशोधकांचा पहिला रोख गुडघ्याकडे आहे.